हृदयाची धडधड आणि मनाची धास्ती

मनुष्याच्या शरीरातील बहुतेक इंद्रिये आपले काम मुकाट्याने करीत असतात. यकृत किंवा वृक्क यांच्या अस्तित्वाची निरोगी माणसास दिवसेंदिवस जाणीवही होत नाही. हृदयाची गोष्ट मात्र निराळी आहे. मुठीएवढ्या आकाराचे व सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे हे स्नायुमय इंद्रिय मिनिटाला ७० ठोके या हिशेबाने दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. आणि जिना भराभर चढताना, परीक्षेचा निकाल लागण्याच्या वेळी किंवा अपरात्री दारावर थाप पडली असता आपण काम करीत असल्याची स्पष्ट जाणीव करून देते.

या अनुभवाची साक्ष भाषेत उमटलेली आहे. मराठी माणसाच्या छातीत धस्स होते, उरात धडकी भरते, काळजाचा ठोका चुकतो. हिंदी भाषकाचे ‘दिल बैठता है’. इंग्लंडमधील बेडफर्ड येथे स्थायिक झालेल्या पंजाबी लोकांत ‘हृदय बुडणे’ या अर्थाची तक्रार नेहमी ऐकू येते असे आढळले, व तिचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिंता, अपमान, दुःख आणि थकवा यांची व्यथा ते लोक हृदयाच्या भाषेत सांगत होते. अशा स्थितीत छातीत काही वेगळे जाणवताच ‘हा हृदयविकार तर नव्हे?’ हा प्रश्न मनात उभा राहावा, यात नवल नाही.

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. खरा विकार असताना ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून घरी बसणारा मनुष्य प्राणास मुकतो. उलटपक्षी, हृदय निर्दोष असताना विकाराच्या भीतीने चालणे, खेळणे, प्रवास करणे सोडून देणारा मनुष्य जिवंतपणीच पंगू होतो. या दोन चुकांच्या मधली वाट कोणती, हे समजण्यासाठी भीती व हृदय यांचा संबंध नीट पाहिला पाहिजे.

भीतीच्या वेळी शरीरात काय घडते?

हृदयाचे ठोके उत्पन्न करण्याची शक्ती हृदयातच असते. उजव्या अलिंदाच्या भिंतीत विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. या पुंजक्यातून निघणाऱ्या विद्युत् प्रेरणांनी हृदयाची लय ठरते. परंतु या लयीवर मेंदूचा लगाम असतो. प्राणेशा तंत्रिका हृदयाचा वेग कमी करते, तर अनुकंपी तंत्रिका तो वाढविते. निरोगी मुलांमध्येही श्वास आत घेताना नाडी किंचित जलद व बाहेर सोडताना किंचित मंद होते, ती या लगामामुळेच. नाडीतील असा फरक हा रोग नव्हे.

हार्व्हर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भय आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवरील आपला ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. संकट समोर दिसताच प्राण्याचे शरीर झुंजण्यास अथवा पळण्यास सज्ज होते, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. अनुकंपी तंत्रिका उद्दीपित होतात, वृक्कांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलीन रक्तात मिसळते, हृदय जलद व जोराने आकुंचन पावू लागते, श्वास वाढतो, रक्त पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळते, आणि घाम सुटतो.

वाघ समोर असेल तर ही सारी तयारी उपयोगी पडते. कारण धावण्यात ती खर्ची पडते. पण संकट जर मनातील विचाराच्या रूपाने आले आणि मनुष्य खुर्चीत स्वस्थ बसलेला असेल, तर तीच तयारी त्याला रोगासारखी भासते. धडधडणारे हृदय, घामेजलेले तळहात व कोरडा घसा ही लक्षणे खरी असतात. ती ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणे शास्त्राला धरून नाही. त्यांचे कारण मात्र हृदयाच्या दोषात नसते.

सैनिकांचे हृदय

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास रणांगणावर सुरू झाला. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–१८६५) अनेक तरुण सैनिक छातीत धडधड, डाव्या बाजूस दुखणे, धाप व थकवा अशा तक्रारी घेऊन रुग्णालयात येऊ लागले. फिलाडेल्फिया येथील जेकब मेंडेझ डा कॉस्टा या वैद्याने अशा तीनशेहून अधिक सैनिकांची तपासणी केली आणि १८७१ मध्ये ‘क्षोभशील हृदय’ या नावाने त्या अवस्थेचे वर्णन केले. पुष्कळांच्या हृदयाच्या रचनेत दोष सापडला नाही. सक्तीच्या लांबलचक कवायती व कूच, ताप आणि अतिसार यांनी हृदय थकून क्षुब्ध झाले असावे, असे त्याचे मत होते. त्याच सुमारास, १८७० मध्ये, ब्रिटिश लष्करातील शल्यवैद्य आर्थर मायर्स याने सैनिकांचा आवळ गणवेश व पाठीवरील ओझ्याचे पट्टे यांना दोष दिला होता.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पुढे आला. हजारो सैनिकांना हृदयरोगी ठरवून आघाडीवरून परत पाठविण्यात येत होते. थॉमस लुईस यांनी लंडनमधील हॅम्पस्टेड व नंतर कोल्चेस्टर येथील लष्करी रुग्णालयांत त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९१८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. बहुसंख्य रुग्णांच्या हृदयाच्या रचनेत त्यांना विकार आढळला नाही. तेव्हा त्यांनी विश्रांतीऐवजी क्रमाक्रमाने वाढत जाणारा व्यायाम हाच तपासणीचा व उपचाराचा मार्ग ठरविला. ज्याला ‘हृदय जपा’ म्हणून अंथरुणावर निजवले होते, त्याला आता कवायतीच्या मैदानावर उभे करण्यात आले. आणि पुष्कळजण पुन्हा कामास लागले.

त्यांचे ज्येष्ठ सहकारी जेम्स मॅकेंझी यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले होते. छातीस नळी लावली असता ऐकू येणारा प्रत्येक मर्मरध्वनी रोगाचा निदर्शक नसतो. आजही शाळेतील वैद्यकीय तपासणीत अनेक निरोगी मुलांच्या हृदयात असा निरुपद्रवी ध्वनी ऐकू येतो. योग्य तपासणी करून तो निरुपद्रवी ठरल्यावरही मुलाला खेळापासून दूर ठेवणे म्हणजे त्याच्या मनात आजन्म धास्ती पेरणे होय. मात्र संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली मुले भारतात अद्यापही आढळतात. म्हणून ध्वनी निरुपद्रवी आहे की नाही, हे ठरविण्याचे काम तज्ज्ञाकडेच सोपविले पाहिजे.

ज्ञान हेच औषध

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या उत्तरेकडील मिल हिल येथे अशा सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. तेथील हृदयतज्ज्ञ पॉल वुड यांचा जन्म १९०७ मध्ये भारतात, निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे झालेला होता. वुड यांनी १९४१ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत या अवस्थेचा नवा अर्थ सांगितला. या रुग्णांची लक्षणे हृदयरोग्यांच्या लक्षणांशी जुळत नाहीत, श्रमाने थकलेल्या निरोगी माणसाच्या लक्षणांशीही जुळत नाहीत. ती जुळतात भयभीत माणसाच्या लक्षणांशी, हे त्यांनी दाखवून दिले. छातीच्या डाव्या बाजूस होणाऱ्या वेदनेचे मूळही त्यांना हृदयात न आढळता छातीच्या भिंतीतील स्नायूंत आढळले.

याच विभागात मॅक्सवेल जोन्स या मनोविकारतज्ज्ञाने एक साधा उपाय करून पाहिला. त्याने रुग्णांना एकत्र बसवून शरीरक्रियेवर व्याख्याने देण्यास आरंभ केला. भीतीमुळे हृदय का धडधडते, श्वास का लागतो, स्नायू का दुखतात, हे तो आकृत्या काढून समजावून सांगे. थोड्याच काळात असे आढळून आले की, जुने रुग्ण नव्या रुग्णांना स्वतःच हे ज्ञान देऊ लागले आणि व्याख्यानांच्या जागी चर्चा सुरू झाली. ज्याचे कारण कळले त्याची भीती कमी झाली. औषधाच्या बाटलीपेक्षा ज्ञानाचा उपयोग अधिक व्हावा, असे हे वैद्यकाच्या इतिहासातील एक बोलके उदाहरण आहे.

अशा रुग्णांचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर १९५० मध्ये मिळाले. बॉस्टन येथील वैद्यांनी या अवस्थेच्या १७३ रुग्णांचा वीस वर्षांपर्यंत माग ठेवून निष्कर्ष प्रसिद्ध केले. कित्येकांची लक्षणे वर्षानुवर्षे टिकली, काहींच्या कामात त्यामुळे अडथळाही आला. परंतु त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अपेक्षेहून अधिक नव्हते. अवस्था त्रासदायक खरी, पण घातक नव्हे, असाच त्याचा अर्थ होता.

लक्षणांचे दुष्टचक्र

हृदय निर्दोष असतानाही ज्या संवेदना माणसास भयभीत करतात, त्यांपैकी तीन विशेष परिचयाच्या आहेत.

पहिली, ठोका चुकणे. वस्तुतः अशा वेळी ठोका चुकलेला नसतो, तर एक ठोका वेळेच्या आधीच पडलेला असतो. या अवेळी ठोक्यानंतर हृदय किंचित थांबते, त्या अवकाशात निलयात अधिक रक्त साठते, आणि पुढचा ठोका जोराने बसतो. माणसाला जाणवतो तो हा अवकाश व हा धक्का. असे ठोके निरोगी माणसातही पडतात. जागरण, तंबाखू, मद्य व चिंता यांनी ते वाढू शकतात.

दुसरी, श्वासाची. घाबरलेला मनुष्य नकळत जलद व खोल श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि डोके हलके होते. बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. हवा भरपूर मिळत असतानाही हवा अपुरी पडत असल्याचा भास होतो, म्हणून मनुष्य आणखी जोराने श्वास घेतो आणि त्रास वाढतो.

तिसरी, छातीच्या भिंतीतील वेदना. फासळ्यांमधील ताणलेले स्नायू सुई टोचावी तसे दुखतात. दुखरी जागा बोटाने दाखविता येते, आणि दाबले असता किंवा कूस बदलली असता वेदना बदलते.

यांपैकी एखादी संवेदना झाली की ‘हृदय बंद पडते आहे’ असा विचार येतो. त्या विचाराने अ‍ॅड्रेनॅलीन स्रवते, त्याने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या विचारास पुष्टी देते. हे दुष्टचक्र काही मिनिटांत इतका वेग घेते की आपण मरतो आहोत अशी माणसाची खात्री होते. अशा अकस्मात भयाच्या झटक्यांना १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. झटका ओसरल्यावरही मनुष्य वारंवार नाडी मोजतो, रुग्णालय दूर असेल अशा गावी जाण्याचे टाळतो, व्यायाम सोडतो. व्यायाम सोडल्याने शरीर शिथिल होते आणि थोड्या श्रमानेही हृदय अधिक धडधडते. अशा रीतीने भीतीने घेतलेली खबरदारीच नव्या भीतीस कारण होते.

हृदयविकार असणाऱ्यांची चिंता

ज्यांना खरोखरीच हृदयविकार आहे, त्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. कारण त्यांची भीती निराधार नसते. विल्यम हेबर्डन यांनी हृद्शूलाचे वर्णन १७६८ मध्ये लंडन येथे वाचून दाखविले, तेव्हाच श्रमाने उद्भवणारी व थांबल्यावर शमणारी वेदना हे त्याचे मुख्य लक्षण म्हणून सांगितले होते. प्रसिद्ध शल्यवैद्य जॉन हंटर यांना हाच विकार होता आणि रागाच्या प्रसंगी त्यांना वेदना होत असे. त्यांचे शिष्य, देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर, यांना हृदयाच्या रोहिण्या कठीण होणे हे या विकाराचे कारण असावे असा तर्क सुचला होता. परंतु गुरूंच्या मनास धक्का बसेल म्हणून त्यांनी तो जाहीर केला नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या एका सभेतील वादावादीनंतर हंटर कोसळून मृत्यू पावले, आणि शवपरीक्षेत जेन्नर यांचा तर्क खरा ठरला.

तीव्र भावनेचा हृदयावर परिणाम होतो याचे आणखी एक उदाहरण जपानी वैद्यांनी १९९० मध्ये वर्णिले. प्रियजनाच्या मृत्यूसारख्या आघातानंतर काही व्यक्तींच्या, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या, डाव्या निलयाचे टोक एकाएकी दुबळे होऊन फुगते. अष्टपाद धरण्याच्या जपानी मडक्यासारखा आकार येत असल्याने त्यास ‘ताकोत्सुबो’ असे नाव पडले. बहुतेक रुग्णांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. मात्र रोजच्या चिंतेने असे घडते, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल.

हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेल्या रुग्णास एके काळी कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवीत असत. बॉस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये रुग्णास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. या बदलाचे सर्व जगासमोर आलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे होय. २४ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हर येथे त्यांना झटका आला. हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांची प्रकृती वृत्तपत्रांतून साध्या भाषेत जनतेस समजावून सांगितली. पुढील वर्षी आयझेनहॉवर पुन्हा अध्यक्षपदी निवडून आले, आणि ते १९६९ पर्यंत जगले. झटका आला म्हणजे कर्तृत्व संपले, हा समज त्यामुळे बराच ढासळला.

तरीही झटक्यानंतरची भीती सहजी जात नाही. रुग्ण प्रत्येक कळ दुसऱ्या झटक्याची समजतो. घरची माणसे प्रेमापोटी त्यास पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. प्राणघातक लय दुरुस्त करण्यासाठी छातीत बसविण्यात येणारे विद्युत् यंत्र १९८० पासून मनुष्यात वापरले जात आहे. ते प्राण वाचविते. पण त्याचा धक्का एकदा अनुभवलेल्या रुग्णास पुढच्या धक्क्याची धास्ती लागू शकते. अशा रुग्णास धीर देणे हाही उपचाराचाच भाग होय. नैराश्य व चिंता यांनी ग्रासलेला रुग्ण औषधे वेळेवर घेत नाही, व्यायाम टाळतो, आणि त्याच्या हृदयाचेही नुकसान होते.

धोक्याची लक्षणे

भारतात या विषयास विशेष महत्त्व आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर देशांतील लोकांहून सरासरीने पाच-सहा वर्षे लवकर, म्हणजे वयाच्या ५३ च्या सुमारास येतो, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. तेव्हा ‘वय लहान आहे’ म्हणून दुर्लक्ष करणे येथे अधिकच धोक्याचे आहे.

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखी वेदना. ती डाव्या वा दोन्ही हातांत, जबड्यात, मानेत अथवा पाठीत पसरणे. सोबत दरदरून घाम, मळमळ किंवा धाप. अथवा धडधडीसह भोवळ येऊन शुद्ध हरपणे, ही धोक्याची लक्षणे होत. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात वेदना सौम्य असून केवळ धाप, थकवा वा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता एवढेच लक्षण असू शकते. अशा वेळी हे भय आहे की विकार, याचा निर्णय घरी करू नये. विलंब न लावता रुग्णालय गाठावे. देशातील बहुतेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पहिला विद्युत् हृल्लेख निर्दोष आला तरी वैद्य काही तासांनी तो पुन्हा काढतात व रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी करतात. कारण हृदयस्नायूस झालेली इजा कधी कधी थोड्या वेळाने उघड होते. पूर्वी चिंतेचा झटका येऊन गेला, एवढ्यावरून आजची वेदना चिंतेचीच आहे असे ठरत नाही.

धडधडीची इतरही कारणे असतात. पंडुरोग, अवटू ग्रंथीचा अतिरेक, ताप, काही औषधे आणि हृदयाच्या लयीचे खरे विकार यांची तपासणी झाल्यावाचून ‘चिंता’ हे निदान करणे योग्य नव्हे.

धास्तीवर उपाय

तपासणी पूर्ण होऊन हृदय निर्दोष ठरले, तर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ एवढे सांगून भागत नाही. लक्षणे चालूच राहतात, आणि रुग्णास वाटते की वैद्यास रोग सापडला नाही. लक्षण कशाने उत्पन्न होते, हे समजावून सांगितले असता मात्र त्याचे समाधान होते. एकामागून एक वैद्य बदलणे व त्याच तपासण्या पुन:पुन्हा करवून घेणे यांनी क्षणभर धीर येतो, पण संशय बळावतो.

झटक्याच्या वेळी श्वास सावकाश घेणे व तो बाहेर सोडण्यास अधिक वेळ देणे हितकर असते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नये. खरा हृदय वा फुप्फुसाचा विकार असेल तर त्याने प्राणवायू कमी पडून अपाय होतो. नाडी वारंवार मोजण्याची सवय हळूहळू सोडावी. टाळलेल्या गोष्टी, जसे जिना चढणे किंवा एकट्याने प्रवास करणे, थोड्याथोड्याने पुन्हा सुरू कराव्या. विचार व वर्तन यांना वळण देणारी मानसोपचार पद्धती अशा रुग्णांना उपयोगी पडते असे आढळले आहे. आवश्यक तेथे औषधेही दिली जातात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे ही लाजेची बाब नव्हे. हृदयविकाराच्या रुग्णासही वैद्याच्या देखरेखीखाली क्रमशः वाढविलेला व्यायाम शरीराचे बळ व मनाचा विश्वास हे दोन्ही परत मिळवून देतो.

कुटुंबीयांचे व शिक्षकांचे कर्तव्यही स्पष्ट आहे. घाबरलेल्या माणसाची थट्टा करू नये, आणि त्याच्या भीतीत भरही घालू नये. त्याची तपासणी एकदा नीट करवून घ्यावी. निर्णय मिळाल्यावर त्यास धीर देऊन कामास लावावे. हृदय हे नाजूक काचेचे भांडे नसून कष्टासाठी घडलेला बळकट स्नायू आहे. त्याच्या धोक्याच्या सूचनेकडे तत्काळ लक्ष द्यावे, आणि ती सूचना नसेल तेव्हा त्याला त्याचे काम निर्वेधपणे करू द्यावे.